सेम टू सेम

गेल्या अकरा महिन्यांत ‘सेम टू सेम’ हे शब्द मी इतक्यांदा ऐकले आहेत की आता ते कानावर पडले की मी पिशवी उचलते. हे म्हणणाऱ्या एकाच्याही हातात मला हवं असलेलं कापड नव्हतं. एकाच्या हातात पडद्याचं कापड होतं, दुसऱ्याच्या हातात सोफ्याचं. तिसऱ्यानं शाळेच्या स्वेटरसारखं काहीतरी गडद हिरवं दाखवलं आणि वर सांगितलं, “मॅडम, लांबून बघितलं तर कळणारसुद्धा नाही.” लांबून बघणाऱ्यांसाठी मी हे करत नाही.

मला हवं आहे ते सांगते. क्लिंट ईस्टवुडनं सर्जिओ लिओनीच्या तीन सिनेमांत घातलेला पोंचो मला बनवायचा आहे. १९६४ चा ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’, १९६५ चा ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’ आणि १९६६ चा ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’. कापड लोकरीचं, वीण जाड, रंग मातकट हिरवा आणि तपकिरी यांच्या मधला. त्यावर पांढुरकी भौमितिक नक्षी, आणि ती विणलेली, छापलेली नाही. कडेला झालर. मधोमध डोकं जाईल एवढी चीर. शिवायचं काम एका दुपारचं आहे. कापड मिळालं तर.

मी बावीस वर्षं हौशी नाटकांची वेशभूषा केली आहे. अंगरखे, बाराबंद्या, पोलिसांचे गणवेश, एकदा तर ब्रिटिश रेसिडेंटचा कोट, सगळं या हातांनी केलं. दुकानात जाऊन ‘काहीतरी छान दाखवा’ म्हणणाऱ्यांतली मी नाही. पन्हा किती हवा, ताणा कशाचा, बाणा कशाचा, वजन किती, कापड पडायला कसं हवं, हे मी पहिल्या वाक्यात सांगते. तरी पुढच्या मिनिटाला समोर फ्लीसचा ताका उलगडतो.

कापड अचूकच का हवं, असं मला विचारतात. त्याचं उत्तर त्या सिनेमांतच आहे.

‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’मध्ये ईस्टवुडचा माणूस जवळजवळ सगळी कामं डाव्या हातानं करतो. पत्ते डाव्या हातानं, पेला डाव्या हातानं, मारामारीसुद्धा डाव्या हातानं. उजवा हात पोंचोखाली, पिस्तुलाजवळ. तो हात दिसत नाही म्हणून त्याची भीती वाटते. कापड पातळ असतं तर कोपराचं टोक वर आलं असतं, मनगट हललेलं कळलं असतं. मग वेळ येते तेव्हा तो पोंचोचा पदर उचलून खांद्यावर टाकतो. हा पदर खांद्यावर राहावा लागतो. घसरला तर प्रसंग संपला. ॲक्रिलिकचं कापड खांद्यावर टाकलं की ते हळूहळू खाली येतं. मी आरशासमोर सहा वेगवेगळ्या कापडांवर हे करून पाहिलं आहे. लोकरीला खरखर असते, ती दुसऱ्या कापडाला धरून राहते. पदर टाकल्यावर तो तिथेच थांबतो तो या खरखरीमुळे आणि स्वतःच्या वजनामुळे.

पहिल्या सिनेमाच्या शेवटी तर पोंचोखाली लोखंडी पत्रा आहे. खलनायक रामोन रायफलनं छातीवर नेम धरून गोळ्या झाडतो, हा पडतो, पुन्हा उठतो, पुन्हा पडतो, पुन्हा उठतो. मग पोंचो वर करून पत्रा दाखवतो. तोवर प्रेक्षकाला पत्र्याची कड दिसता कामा नये. मी बेकिंगचा ट्रे छातीला बांधून वर नमुन्याचं कापड पांघरलं. दोनशे-अडीचशे ग्रॅमच्या कापडाखाली ट्रेचे चारही कोपरे दिसतात. पाचशेच्या आसपास गेल्यावर दिसत नाहीत. तिसऱ्या सिनेमात पोंचो अगदी शेवटाकडे येतो: मरणाऱ्या सैनिकाच्या अंगावर हा आपला कोट घालतो आणि तिथला पोंचो उचलतो. तिथून पुढे दफनभूमीच्या मधल्या वर्तुळात होणाऱ्या तिघांच्या पिस्तुलाच्या सामन्यापर्यंत तो अंगावर आहे. त्या वर्तुळात तिघं किती वेळ नुसते उभे असतात! कुणी हलत नाही, आणि हललंच तर कापड हलतं. वेशभूषा करणाऱ्या माणसाला त्या दृश्यात आणखी काय बघायचं असतं?

या सिनेमांची वेशभूषा आणि नेपथ्य दोन्ही कार्लो सिमीचं. काही वस्तू ईस्टवुडनं अमेरिकेतून स्वतः नेल्या होत्या. काळी जीन हॉलिवूड बुलेव्हार्डवरच्या दुकानातली, तर पिस्तुलाचा पट्टा ‘रॉहाइड’ या मालिकेतला, जिच्यात तो तेव्हा काम करत होता. पोंचो तिन्ही सिनेमांत एकच वापरला आणि तो धुतला नाही, असं सांगितलं जातं. हे खरं असेल तर माझ्या अडचणीत भर पडते, कारण पडद्यावर दिसतो तो रंग लोकरीचा किती आणि स्पेनमधल्या अल्मेरियाच्या धुळीचा किती, हे वेगळं करता येत नाही.

रंगाची तक्रार मला सविस्तर मांडायची आहे. हे सिनेमे टेक्निस्कोप पद्धतीनं चित्रित झाले. एरवी पस्तीस मिलिमीटर फिल्मवर एका चित्राला कडेच्या चार छिद्रांच्या उंचीची जागा मिळते. टेक्निस्कोपमध्ये दोन छिद्रांची. फिल्म निम्मी लागते, त्यामुळे थोडक्या पैशांत सिनेमा काढणाऱ्यांना ती परवडत होती. पण छोटं चित्र मोठ्या पडद्याएवढं केलं की फिल्मचे कण दिसू लागतात. मी चित्र थांबवून, पडद्याला भिंग लावून एका इंचात किती धागे आहेत ते मोजायचा प्रयत्न केला. एका टप्प्यापर्यंत वीण दिसते. त्यापुढे दिसतात ते कण. साठ वर्षांपूर्वी कुणीतरी फिल्म वाचवली, म्हणून आज मला धागे मोजता येत नाहीत.

आणि रंग प्रत्येक प्रतीत वेगळा. माझ्याकडच्या जुन्या डीव्हीडीत पोंचो तपकिरी आहे. पुढे घेतलेल्या ब्लू-रेमध्ये तो हिरवट आहे. रात्रीच्या प्रसंगात जवळजवळ काळा. तिसऱ्या सिनेमाची जी नवी डिजिटल प्रत २०१४ मध्ये निघाली तिच्यावर पिवळी झाक असल्याची तक्रार बऱ्याच देशांतल्या प्रेक्षकांनी केली, आणि २०१७ मध्ये रंग सुधारलेली दुसरी प्रत बाजारात आली. त्या तक्रारदारांना मी ओळखत नाही, पण मला ते घरचे वाटतात. आकाश पिवळं दिसलं म्हणून ते चिडले असतील. मी पोंचोसाठी चिडले होते.

शेवटी मी एक नियम केला. भर दुपारच्या उन्हात घेतलेल्या चित्रांतला रंग खरा धरायचा. त्यासाठी जुन्या स्वेटरांच्या, शालींच्या, उरलेल्या लोकरीच्या चौदा धाग्यांचा एक पुठ्ठा केला, प्रत्येकाला नंबर दिला आणि वेगवेगळ्या प्रतींशी ताडून पाहिला. माझं उत्तर नऊ नंबर आलं. नऊ नंबर म्हणजे सुकलेल्या कडीपत्त्याचा रंग, जरा मातीकडे झुकलेला. गेले अकरा महिने हा पुठ्ठा माझ्या पर्समध्ये आहे.

आता दुकानं. कुणाचं नाव घ्यायचं नाही, कारण दोष एकाचा नाही, रीतीचाच आहे.

पहिली रीत म्हणजे ‘ऑलिव्ह’ हा शब्द. कापडाच्या दुनियेत ऑलिव्ह म्हणजे कुठलाही हिरवा, फक्त पोपटी सोडून. मी पुठ्ठा पुढे करून नऊ नंबरवर बोट ठेवते. समोरचा माणूस बोट बघतो, मान हलवतो आणि सहा नंबरच्या जवळचा ताका काढतो. “हा मागितला नव्हता,” असं म्हटलं तर “थोडासाच फरक आहे,” हे उत्तर तयार असतं. सहा आणि नऊ यांच्यात थोडा फरक नाही. सहा नंबर सैन्याच्या गणवेशाचा आहे.

दुसरी रीत दिव्यांची. दुकानात पांढरेफेक एलईडी लावलेले असतात. दोन धागे वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेले असले तर ते एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्या उजेडात जुळत नाहीत. रंगारी असलेल्या कुणालाही हे माहीत आहे. म्हणून पूर्वी ताका दारात नेऊन उन्हात बघायची पद्धत होती. माझी आई लुगडं घेताना दुकानाच्या पायरीवर जाऊन ते उलगडायची आणि दुकानदार स्वतः एक टोक धरायचा. आता ताका काउंटरपलीकडे जाऊ देत नाहीत. फोनच्या टॉर्चनं दाखवतात. टॉर्चच्या उजेडात लोकर बघणं म्हणजे न बघण्यासारखंच आहे.

तिसरी रीत, आणि हिचा मला सगळ्यांत जास्त राग आहे, ‘वूलन’ या शब्दाची. वूलन म्हणजे मेंढीची लोकर, अशी माझी समजूत होती. बाजारात वूलन म्हणजे थंडीत घालायचं ते सगळं. काश्मिलॉन वूलन, ॲक्रिलिक वूलन, टेरीवूल तर वूलनच. लोकर ओळखायची साधी परीक्षा आहे. कडेचा एक धागा काढायचा आणि जाळायचा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो, काडी बाजूला केली की ती आपोआप विझते आणि राख बोटात चुरगळते. ॲक्रिलिक वितळतं आणि शेवटी काळा, कडक मणी उरतो. मी काडेपेटी जवळ ठेवते, परवानगी मागते आणि बाहेर फुटपाथवर जाऊन धागा जाळते. दुकानात कधी जाळलेला नाही. एका ठिकाणी मालक स्वतः बाहेर आला, माझ्याशेजारी उभा राहिला. धागा वितळला, मणी झाला. त्यानं तो मणी नखानं दाबून पाहिला आणि म्हणाला, “आजकाल लोकर अशीच येते, ताई.” तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. त्याच्याकडे ज्या नावानं माल येतो त्याच नावानं तो विकतो. मला दुःख याचं झालं की इतकी वर्षं त्या गादीवर बसून त्यानं एकदाही धागा जाळून पाहिला नव्हता.

वजनाचंही तसंच. एक चौरस मीटर कापड किती ग्रॅमचं, याला जीएसएम म्हणतात. मी पाचशे मागते. उत्तर येतं, “हेवी आहे, मॅडम.” हेवी हा आकडा नाही. घरी मी दहा सेंटिमीटर लांब-रुंद तुकडा कापून छोट्या तराजूवर ठेवते आणि येईल त्या वजनाला शंभरनं गुणते, जीएसएम मिळतो. ‘पाचशे, गॅरंटी’ म्हणून दिलेला एक तुकडा २.३ ग्रॅम भरला. म्हणजे दोनशे तीस. बेकिंगच्या ट्रेचे कोपरे दिसणारच.

मग परगावाहून नमुने मागवायला सुरुवात केली. नमुना येतो दोन इंचांचा, कडा नागमोडी कापलेला आणि पुठ्ठ्याला डिंकानं चिकटवलेला. चिकटवलेल्या कापडाची मागची बाजू बघता येत नाही. ते पडतं कसं ते बघता येत नाही. डिंक लागलेला धागा जाळला तर वास डिंकाचा येतो. कापडाचा नमुना चिकटवायची कल्पना ज्यानं काढली त्यानं कापड कधी हातात धरून बघितलं नसावं. एका गिरणीशी तीन आठवडे पत्रव्यवहार केला. सगळं जमत होतं, रंगसुद्धा. शेवटी कळलं की एका रंगाचं कमीत कमी तीनशे मीटर घ्यावं लागेल. मला अडीच मीटर हवं होतं. गिरणीचं गणित मला समजतं, एवढ्यासाठी यंत्र लावणं त्यांना परवडत नाही. पण मी पहिल्याच पत्रात ‘अडीच मीटर’ लिहिलं होतं आणि त्याखाली रेघ ओढली होती.

तयार पोंचोही मिळतात. भाच्यानं वाढदिवसाला एक भेट दिला. मनापासून दिला, म्हणून मी त्याला काही बोलले नाही, पण इथे लिहिते. पातळ फ्लीस, नक्षी एका बाजूनं छापलेली, मागची बाजू कोरी पांढरी. पदर खांद्यावर टाकला की पांढरी बाजू वर येते. ज्या एका हालचालीसाठी हा पोंचो ओळखला जातो, नेमकी तीच त्यात करता येत नाही. शिवाय बरोबरच्या कागदावर फोटो होता तो १९९० च्या ‘बॅक टू द फ्यूचर पार्ट थ्री’मधल्या मार्टीचा. मार्टी त्या सिनेमात स्वतःचं नाव क्लिंट ईस्टवुड सांगतो आणि पोंचोखाली शेगडीचं लोखंडी दार बांधून गोळी झेलतो. लिओनीच्या प्रसंगाला केलेला तो नमस्कार आहे आणि मला तो आवडतो. पण तो पोंचो वेगळा आहे. दोन वेगळी कापडं एकाच नावानं विकली जातात आणि घेणाऱ्यालाही त्याचं काही वाटत नाही.

पोंचोबरोबरच्या काळ्या जीनची कथा छोटी आहे. जाड, शंभर टक्के सुती, न ताणणारं डेनिम हवं होतं. आज दुकानात उभं राहून ज्या डेनिमला हात लावाल ते ताणतं. सगळ्यांत दोन-तीन टक्के का होईना लायक्रा. ताणणारी जीन गुडघ्यावर घडी धरत नाही, आणि १९६४ मधली जीन गुडघ्यावर घडी धरते. हे सांगायला मी मुंबईच्या कापडबाजारात उभी होते. तिथून डोंगरी चालत अर्ध्या तासाच्याही आत आहे. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी त्या डोंगरीच्या आसपास जाडंभरडं सुती कापड विकलं जायचं, गोरे व्यापारी त्याला जागेच्या नावानं हाक मारायचे आणि त्यातून इंग्रजीतला ‘डंगरी’ हा शब्द आला. कामगारांच्या, पुढे गुराख्यांच्या जाड कपड्यांना तो शब्द चिकटला. गळ्यातल्या बंडानाचंही मूळ आपल्याकडचं ‘बांधणी’. ज्या कापडानं या शहरातल्या एका वस्तीचं नाव जगभर नेलं, त्या जातीचं दोन मीटर कापड त्याच शहरात मिळायला मला चार फेऱ्या पडल्या. शेवटी मिळालं ते कामगारांचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्याच्या कटपीसमध्ये. काळं होतं, जाड होतं, अजिबात ताणत नव्हतं. त्या दिवशी मी घरी येऊन दोन वेळा ते नुसतंच उलगडलं आणि घडी घातली.

घरच्यांविषयी लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण एक वाक्य राहून जातं. दादा, वहिनी, शेजारच्या काकू, सगळे एकच विचारतात: “कळणार आहे का कुणाला?” हे वाक्य मी नाटकातही ऐकलं. मावळ्याच्या अंगरख्याला वेल्क्रो लाव, कुणाला कळणार आहे. पेशवाईतल्या स्त्रीला नायलॉनची साडी दे, दिव्यांत कुणाला कळणार आहे. ज्या नटाच्या अंगावर ते असतं त्याला कळतं. सुती, वजनदार अंगरखा घातला की नट वेगळा चालतो, हे मी विंगेत उभी राहून बावीस वर्षं पाहिलं आहे. ईस्टवुडच्या त्या माणसाला फारसे संवाद नाहीत. निम्मं काम पोंचोनं केलं आहे.

लोकर मिळाली ती अखेर माणदेशात, म्हसवडकडे. हे आधीच सुचायला हवं होतं. धनगर घोंगडीची खोळ करून डोक्यावरून पाठीवर सोडतो आणि पावसात मेंढरांमागे चालतो. दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांतला माणूस त्याच कामासाठी लोकरीच्या कापडाला मधे चीर पाडतो. गरज तीच, अंगावरची लोकर तशीच राठ. मूळ पोंचोची लोकर दख्खनी मेंढीची नव्हती, हे मला माहीत आहे आणि ते मला सलतं. पण दुकानातल्या एकाही कापडापेक्षा ही त्याच्या जवळ होती.

विणणारे सणगर आजोबा सत्तरीचे होते. मी पुठ्ठा काढला, फोनवर चित्र दाखवलं. त्यांनी चित्र फार वेळ पाहिलं नाही. विचारलं, “अंगावं किती वजन पायजे?” अकरा महिन्यांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारला. मी त्यांना पदर खांद्यावर टाकून दाखवला. ते म्हणाले, “मंग बाणा जाड भरू. ताणा ऱ्हाऊ दे हाय तसा.” मग त्यांनी सांगितलं की काळी लोकर हवी तेवढी मिळते, रंग द्यायचा तर पांढरी लागेल, आणि पांढरी गोळा करायला वेळ जाईल. मी चिंचोक्याची खळ नको म्हटलं. त्यांनी मान हलवली. “खळीबिगर ताणा तुटतो, ताई. तुमी मागनं धून काढा.” लांबी चार हात, रुंदी तीन हात. भाव एकदाच सांगितला, मी एकदाच हो म्हटलं. ‘सेम टू सेम’ ते म्हणाले नाहीत. म्हणाले, “जमल तेवडं करू.”

कापड आलं तेव्हा पांढरं होतं, जरा पिवळसर, आणि त्याला मेंढीचा वास होता. आधी दहा सेंटिमीटरचा तुकडा तराजूवर ठेवला. ४.८ ग्रॅम. बेकिंगचा ट्रे बांधून वरून पांघरलं. कोपरे दिसले नाहीत.

रंग घरीच दिला. तुरटीत भिजवून ठेवलं, डाळिंबाच्या साली उकळून त्याचं पाणी केलं, त्यात लोकर सोडली, ती पिवळी झाली. मग चिमूटभर हिराकस. लोखंडाचा अंश लागला की डाळिंबाचा पिवळा हिरवट-मातकट होत जातो, डोळ्यांसमोर. हिराकस जास्त झाला तर लोकर ठिसूळ होते. पाणी उकळत ठेवलं किंवा गरमातून एकदम गारात टाकलं तर ती आटून नमद्यासारखी घट्ट होते. म्हणून दोन दिवस मी त्या भांड्याजवळून हलले नाही. पहिला तुकडा करडा झाला. दुसरा सात नंबरजवळ गेला. तिसऱ्याला हिराकस कमी केला आणि साली वाढवल्या. सकाळी गच्चीत उन्हात पुठ्ठा शेजारी धरला. नऊ. मी खाली येऊन दादाला उठवून वर नेलं. तो म्हणाला, “हिरवा दिसतोय.” संध्याकाळी हॉलमधल्या पिवळ्या दिव्याखाली त्यालाच पुन्हा दाखवला. तो म्हणाला, “हा तपकिरी आहे.”

नक्षी राहिली आहे. ती विणलेलीच हवी, वरून भरतकाम करायचं नाही, यावर मी ठाम आहे; म्हणजे कापड नव्यानं विणणं आलं. आजोबांना परवा फोन केला. घोंगडीवर असली नक्षी त्यांनी कधी काढलेली नाही, पण काढायला ते तयार आहेत. त्यांची एकच अट आहे. नक्षी चौकटीच्या कागदावर काढून पाठवायची, एका चौकटीला एक धागा, आणि पहिल्या पट्ट्याची सुरुवात काठापासून कितव्या धाग्यावर होते तो आकडा वर लिहायचा. अंदाजानं चालणार नाही, असं ते म्हणाले. त्यांचं बरोबर आहे.

काल रात्री पुन्हा त्या तीन सिनेमांतला एक लावला, ऊन आहे ते दृश्य शोधलं, चित्र थांबवलं आणि भिंग घेऊन पडद्याजवळ बसले. काठापासून एकवीस धागे मोजता आले. बाविसावा धागा आहे की फिल्मचा कण, हे अजून ठरत नाही.